करारभंगाचे दुःख : हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील देवाचा अपेक्षाभंग

भूमध्य समुद्र आणि यार्देन नदी यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्यात इ.स.पूर्व आठव्या शतकात दोन लहान हिब्रू राज्ये नांदत होती. उत्तरेच्या राज्याला इस्राएल आणि दक्षिणेच्या राज्याला यहूदा म्हणत, आणि या दोन राज्यांत पुढील सुमारे अडीचशे वर्षांत जी वाङ्मयपरंपरा वाढली, तिच्यात देव आपल्या लोकांवर नुसता कोपत नाही, तर त्यांच्यामुळे दुखावतो, त्यांच्यासाठी केलेल्या गोष्टींची आठवण काढतो आणि आपले काय चुकले असा प्रश्नही त्यांना विचारतो. ही परंपरा घडवणाऱ्या पुरुषांना मराठी बायबलमध्ये ‘संदेष्टा’ म्हटले आहे. संदेष्टा म्हणजे भविष्य वर्तवणारा ज्योतिषी नव्हे, तर देवाचा निरोप राजापुढे, पुरोहितापुढे आणि बाजारातल्या गर्दीपुढे उघडपणे मांडणारा माणूस. आमोस, होशेय, यशया, मीखा, यिर्मया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या नावे असलेले ग्रंथ वाचताना त्यांतील दंडाच्या धमक्या आधी नजरेत भरतात, परंतु त्या धमक्यांच्या मुळाशी असलेला अपेक्षाभंग लक्षात घेतल्याशिवाय या ग्रंथांचा इतिहास नीट कळत नाही.

देवाचा कोप ही कल्पना त्या प्रदेशात नवी नव्हती. मृत समुद्राच्या पूर्वेला मवाब नावाचे राज्य होते आणि तिथला राजा मेशा याने इ.स.पूर्व नवव्या शतकात कोरवलेला शिलालेख १८६८ साली धीबान येथे उजेडात आला. तो आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ जाचले, कारण मवाबचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला होता, असे मेशा त्यात सांगतो. मात्र कमोश का रागावला याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. बाबेलच्या बाबतीत कारण सांगितले गेले. अश्शूरचा सम्राट सन्हेरीब याने इ.स.पूर्व ६८९ मध्ये ते शहर उद्ध्वस्त केले, आणि त्याचा मुलगा एसर-हद्दोन याने पुढे ते पुन्हा बांधायला घेतले तेव्हा त्याने आपल्या लेखांत नमूद केले, की तिथल्या लोकांनी मंदिराच्या संपत्तीला हात लावला म्हणून मर्दुक देव संतापला, त्याने शहराच्या ओसाडीसाठी सत्तर वर्षे ठरवली आणि मग शांत होऊन अंकांची उलटापालट करून ती अकरा वर्षांवर आणली. हा खुलासा जेत्याच्या वारसाने लिहवून घेतला होता आणि त्यात विध्वंसाचा कर्ता म्हणून त्याच्या वडिलांचे नाव येत नाही, हे विसरता कामा नये. हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांचे वेगळेपण इथे दिसते. त्यांतील आरोपपत्र लांबलचक आहे, आरोपांची कारणे न्यायनिवाड्याशी आणि रोजच्या व्यवहाराशी जोडलेली आहेत, आणि ते जपून ठेवणारे लोक जेते नसून स्वतः आरोपी आणि पराभूत होते.

या आरोपपत्राचा पाया ‘बेरीथ’ हा आहे. बेरीथ म्हणजे करार, शपथेने बांधलेले परस्परांचे नाते, आणि त्या काळच्या पश्चिम आशियात अशा करारांचे राजकीय नमुने सर्वांच्या परिचयाचे होते. एसर-हद्दोनने इ.स.पूर्व ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून जी शपथ घेतली, तिच्या मातीच्या पाट्या १९५५ साली इराकमधील निमरूद येथील उत्खननात तुकड्यांच्या रूपात सापडल्या आणि तिचीच आणखी एक प्रत २००९ साली दक्षिण तुर्कस्तानात तेल तायिनात येथे मिळाली. त्या शपथेत मांडलिकांनी युवराज अशुरबनिपालवर स्वतःइतकेच प्रेम करावे अशी अट आहे, आणि शपथ मोडणाऱ्याच्या डोक्यावरचे आकाश पितळेचे व पायाखालची जमीन लोखंडाची होईल असा शापही आहे. बायबलमधील अनुवाद या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हेच पितळ आणि हेच लोखंड येते, आणि देवावर संपूर्ण मनाने प्रेम करण्याची आज्ञाही त्याच ग्रंथात आहे. यहूदाच्या लेखकांनी साम्राज्याची भाषा उचलली आणि तिचा रोख बदलला. जी निष्ठा अश्शूरचा सम्राट मागत होता, ती एकट्या यहोवाचा, म्हणजे इस्राएलच्या देवाचा, हक्क आहे असे त्यांनी ठामपणे मांडले. परंतु करारातील प्रेम या शब्दाला राजकारणात एकनिष्ठेपलीकडे फारसा अर्थ नव्हता, आणि संदेष्ट्यांनी त्यात जे ओतले ते कोणत्याही मांडलिकाच्या शपथपत्रात सापडत नाही.

उत्तरेच्या इस्राएलमध्ये यराबाम दुसरा हा राजा आठव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे चाळीस वर्षे गादीवर होता, आणि त्याच्या कारकिर्दीत राज्याची भरभराट झाली. शोमरोन या राजधानीच्या उत्खननात १९१० साली शाईने लिहिलेल्या खापरांचा जो साठा मिळाला, त्यावर जुना द्राक्षारस आणि शुद्ध तेल कोणत्या गावाहून कोणाच्या नावे आले याच्या नोंदी आहेत. १९३० च्या दशकात तिथेच कोरीव हस्तिदंती नक्षीचे असंख्य तुकडे निघाले. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या, वाडगे भरभरून द्राक्षारस पिणाऱ्या श्रीमंतांवर आमोसने जो हल्ला चढवला, त्याला अशी जमिनीतून निघालेली साक्ष आहे. आमोस दक्षिणेतल्या तकोवा गावचा मेंढपाळ होता, उंबराच्या जातीच्या झाडांचीही तो निगा राखी, आणि बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलल्यामुळे तिथल्या अमस्या नावाच्या पुरोहिताने त्याला हाकलून लावले. चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणे, गहाण घेतलेल्या कपड्यावर वेदीशेजारी पसरणे, धान्य मापताना माप लहान आणि तराजू खोटा ठेवणे, हे त्याचे आरोप आहेत. त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात देव दुष्काळ, अवर्षण, पिकांवरील रोग व टोळ, मरी व तलवार आणि नगरांची उलथापालथ अशी एकेक आपत्ती आठवतो, आणि प्रत्येकीनंतर, पाचही वेळा, तरीही तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत अशा अर्थाचे तेच वाक्य येते. आपत्ती पाठवणारा इथे विनाशाची नव्हे तर परतीची वाट पाहत होता, हे या पुनरावृत्तीतून उघड होते. त्याआधीच्या अध्यायात आमोस आणखी एक पाऊल पुढे जातो. सर्व कुळांमधून देवाने फक्त या एका लोकाला जवळ केले, आणि नेमक्या याच कारणाने त्यांच्या अपराधांचा जाब मागितला जाईल, असे तो सांगतो. निवड म्हणजे संरक्षणाची हमी मानणाऱ्या बेथेलच्या भक्तांना याहून कठोर वाक्य ऐकवणे शक्य नव्हते.

आमोसच्या पाठोपाठ बोललेला होशेय स्वतः उत्तरेचा होता आणि त्याच्या बोलण्यात अपेक्षाभंग पहिल्यांदा घरात शिरतो. बआल या पाऊस आणि पिकांच्या देवाची उपासना इस्राएलमध्ये यहोवाच्या उपासनेशेजारीच चालत होती. शोमरोनच्या खापरांवरील व्यक्तिनामांत यहोवाचे नाव गुंफलेली नावे आहेत तशी बआलचे नाव गुंफलेलीही आहेत, आणि सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रूद येथे १९७५-७६ मध्ये सापडलेल्या रांजणांवर शोमरोनच्या यहोवाचा त्याच्या अशेरेसह उल्लेख करून आशीर्वाद लिहिला आहे. अशेरा ही कनानी देवी, किंवा तिचे प्रतीक असलेला खांब. सामान्य शेतकऱ्याला यात विश्वासघात जाणवत असेल असे वाटत नाही, कारण पाऊस देणाऱ्याला पावसासाठी आळवणे त्याला स्वाभाविक होते. होशेयला मात्र त्यात व्यभिचार दिसला. गोमेर या आपल्या पत्नीच्या बेइमानीची कथा त्याने देव आणि इस्राएल यांच्या नात्याची खूण म्हणून मांडली, आणि मुलांची नावेच आरोपपत्राची कलमे ठरली. थोरल्याचे नाव इज्रेल, म्हणजे ज्या खोऱ्यात राजघराण्याने रक्त सांडले त्या खोऱ्याचे. मुलीचे लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. धाकट्याचे लो-अम्मी, म्हणजे जे माझे लोक नाहीत ते.

या प्रतिमेची एक बाजू आजच्या वाचकाला अस्वस्थ करते आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात, आणि त्याहून कितीतरी अधिक यहेज्केलच्या सोळाव्या व तेविसाव्या अध्यायांत, बेइमान पत्नीला उघडी करण्याची, मारण्याची भाषा येते, आणि दोष जरी पुरुष राजे, सरदार व पुरोहित यांचा असला तरी शिक्षा सोसणारे शरीर प्रतिमेपुरते का होईना स्त्रीचे असते. गेल्या काही दशकांत स्त्री अभ्यासकांनी यावर घेतलेले आक्षेप खरे आहेत. हा अस्वस्थपणा केवळ आधुनिक नाही, कारण यहेज्केलचा सोळावा अध्याय सभास्थानात जाहीरपणे वाचू नये असे रब्बी एलीएझर यांचे मत इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या संहितेत नोंदलेले आहे, जरी इतरांनी ते मान्य केले नाही.

होशेयचे मोठेपण दुसऱ्या एका प्रतिमेत आहे. त्याच्या अकराव्या अध्यायात पतीची जागा पालक घेतो. मिसरातून आणलेल्या लेकराला चालायला शिकवले, हातांनी धरले, खाली वाकून भरवले, आणि हाक मारावी तसे ते लेकरू दूर दूर जात राहिले, अशी तक्रार देव तिथे मांडतो. तलवार नगरांत फिरेल, लोक अश्शूरच्या ताब्यात जातील, असा निकालही तो देतो. आणि मग निकाल देता देता तो थांबतो, एफ्राईमला म्हणजे उत्तरेच्या या राज्याला आपण कसे सोडून द्यावे असे स्वतःलाच विचारतो, आपले काळीज आतून उलटले आहे असे म्हणतो, आणि संताप आवरण्याचे जे कारण देतो ते विलक्षण आहे : आपण देव आहोत, मनुष्य नव्हे. दुखावलेला मनुष्य सूड घेतो हे गृहीत आहे. देवाचे वेगळेपण भावनारहित असण्यात नाही, तर दुखावूनही सूडाच्या आहारी न जाण्यात आहे. प्राचीन पश्चिम आशियातील देवविषयक लेखनात या ओळींच्या तोडीचे काही शोधणे कठीण आहे.

तरीही इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. सारगोन दुसरा याने आपल्या लेखात तिथून २७,२९० लोक नेल्याचा दावा केला आहे. या पडझडीनंतर उत्तरेच्या संदेष्ट्यांची वचने बहुधा निर्वासितांबरोबर दक्षिणेत यरुशलेमला आली आणि तिथेच ती जपली गेली, वाचली गेली, यहूदालाही लागू केली गेली.

यहूदात यशयाने या तक्रारीला न्यायालयाचे रूप दिले. या रचनाप्रकाराला हिब्रूत ‘रीव’ म्हणतात, म्हणजे वाद किंवा फिर्याद, आणि तिच्यात फिर्यादी देव असतो, प्रतिवादी लोक असतात, आणि साक्षीला आकाश व पृथ्वी बोलावली जातात, कारण राजकीय करारांतही साक्षीदार म्हणून देवतांबरोबर आकाश आणि पृथ्वी यांची नावे घेण्याचा प्रघात होता. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला गव्हाण कळते, आणि वाढवलेल्या मुलांना मात्र काही कळत नाही, असा यशयाच्या पहिल्याच अध्यायातला युक्तिवाद आहे. पाचव्या अध्यायात तो द्राक्षमळ्याचे गाणे सांगतो. यहूदाच्या डोंगरउतारावर मळा करणे म्हणजे काय असते हे श्रोत्यांना हाडामांसाने माहीत होते : उतार खणायचा, दगड वेचून बांध घालायचे, उत्तम वेली लावायच्या, राखणीला बुरूज आणि रस काढायला खडकात कुंड खोदायचे, आणि मग वर्षे वाट पाहायची. एवढे करून मळ्याने आंबट, जंगली घड दिले तर मालकाने आणखी काय करायचे राहिले होते, असे विचारून यशया श्रोत्यांनाच निवाडा करायला लावतो, आणि त्यानंतर तो मळा म्हणजे तुम्हीच असे सांगतो. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्या, लाच घेऊन निर्दोषाचा हक्क हिरावणाऱ्या लोकांची निर्भर्त्सना त्याच अध्यायात पुढे येते, त्यामुळे देवाला अपेक्षित पीक कोणते होते याविषयी संशय उरत नाही. त्याचा समकालीन मीखा हा खेड्यातला माणूस. त्याच्या सहाव्या अध्यायातल्या फिर्यादीत डोंगर साक्षीला आहेत, आणि फिर्यादी सुरुवातीलाच, मी तुम्हाला कसा जड झालो ते सांगा, असे प्रतिवादींना विचारतो. उत्तरादाखल लोक होमबलींची वाढती यादी पुढे करतात, अगदी पोटच्या पोरापर्यंत, आणि त्यांना सांगितले जाते की न्यायाने वागणे, ‘हेसेद’ म्हणजे करारातील निष्ठायुक्त ममता जपणे आणि देवाबरोबर नम्रपणे चालणे, एवढेच मागितलेले आहे.

यिर्मया यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या पुरोहित घराण्यातला होता आणि त्याची कारकीर्द इ.स.पूर्व ६२७ पासून यरुशलेमच्या नाशानंतरपर्यंत चालली. योशीया राजाने ६२२ च्या सुमारास मंदिरात सापडलेल्या नियमशास्त्राच्या आधारे मोठी धर्मसुधारणा केली, गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे स्थानिक पूजास्थाने, मोडली, परंतु राजाज्ञेने वेदी फुटली तरी लोकांची मने वळली नाहीत असा यिर्मयाचा अनुभव होता. त्याच्या दुसऱ्या अध्यायात देव वाळवंटातल्या पहिल्या दिवसांची, तारुण्यातल्या ओढीची आठवण काढतो, आणि मग वाहत्या झऱ्याला सोडून फुटकी टाकी खोदणाऱ्यांचे चित्र येते. त्या डोंगराळ मुलुखात पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात टाकी खोदून आतून चुन्याचा गिलावा देत, आणि गिलाव्याला तडा गेला की सगळे पाणी जिरून जाई. झरा हाताशी असताना असले टाके खोदण्याचा वेडेपणा ऐकणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती. मंदिर आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असे मानणाऱ्यांना त्याने शिलो या एकेकाळच्या पवित्र स्थानाचे अवशेष जाऊन पाहायला सांगितले, आणि त्यासाठी त्याला देहदंड द्यावा अशी मागणी झाली. बारूख या लेखनिकाने लिहून घेतलेली त्याची गुंडाळी यहोयाकीम राजाने हिवाळ्यात शेगडीसमोर बसून, वाचलेले स्तंभ सुरीने कापत, विस्तवात टाकली. यिर्मयाने ती पुन्हा सांगून लिहवली आणि तीत भर घातली. त्याच्या आठव्या-नवव्या अध्यायांत तर रडणारा संदेष्टा कोणता आणि रडणारा देव कोणता हे वाचकाला वेगळे काढता येत नाही.

या ग्रंथात विरुद्ध बाजूचेही म्हणणे नोंदवलेले आहे, आणि इतिहासकाराला ते फार मोलाचे आहे. यरुशलेमच्या नाशानंतर मिसरात पळालेल्या यहुद्यांना यिर्मयाने ‘स्वर्गाची राणी’ म्हणवल्या जाणाऱ्या देवीची पूजा सोडायला सांगितले, तेव्हा तिथल्या स्त्रियांनी आणि पुरुषांनी त्याला सरळ उत्तर दिले, की आम्ही तिला धूप जाळत होतो आणि तिच्या आकाराच्या पोळ्या भाजत होतो तेव्हा पोटभर अन्न होते, आणि ते बंद केल्यापासूनच तलवार आणि दुष्काळ आमच्या वाट्याला आले. घटना त्याच होत्या, अर्थ मात्र उलटा लावलेला होता. यहूदाच्या घराघरांतून मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी सापडल्या आहेत, त्यामुळे असे मानणारे लोक थोडे नव्हते हे स्पष्ट आहे. संदेष्ट्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत अल्पमतात होते आणि नाशानंतरच ते प्रमाण मानले गेले.

तो नाश इ.स.पूर्व ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने केला. त्याआधी ५९७ मध्ये नेलेल्या बंदिवानांत यहेज्केल होता, आणि निप्पूरजवळच्या खबार कालव्याकाठी वसवलेल्या त्या लोकांना त्याने सांगितले, की यहोवाचे तेज मंदिरातून टप्प्याटप्प्याने, उंबरठ्यावर, मग पूर्वेच्या दारावर थांबत, शहर सोडून गेले आहे. रूढ समजुतीप्रमाणे यहूदाचा देव मर्दुककडून हरला होता. तो हरला नसून दुखावून निघून गेला, हा खुलासा ज्यांनी स्वीकारला त्यांचा धर्म टिकला, कारण हरलेल्या देवाकडे मागण्यासारखे काही नसते आणि दुखावलेल्या देवाकडे परतता येते. या खुलाशाची किंमतही होती, कारण प्रत्येक दुःख हा अपराधाचा पुरावा ठरू लागला. बायबलने तिलाही वाचा दिली आहे. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात लोक देवाला ठणकावून सांगतात की आम्ही तुझा करार मोडलेला नाही आणि तरीही आम्हाला मेंढरांसारखे कापले जात आहे. या स्तोत्राला संदेष्ट्यांच्या शेजारीच स्थान मिळाले, ही संकलकांची प्रामाणिकता म्हटली पाहिजे.

पुढच्या काळातील तत्त्वज्ञांना दुखावणारा देव पटला नाही. अलेक्झांड्रियाचा फिलो आणि बाराव्या शतकातील मैमोनिदीस यांनी देव अविकारी आहे, राग आणि खेद ही केवळ मनुष्याला समजावी म्हणून वापरलेली भाषा आहे, असे प्रतिपादन केले. याउलट यहुदी तत्त्वज्ञ अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९३० च्या दशकात बर्लिनमध्ये लिहिलेल्या प्रबंधापासून पुढे १९६२ च्या ‘द प्रॉफेट्स’ या ग्रंथापर्यंत असे मांडले, की माणसाच्या वागण्याचा देवावर परिणाम होतो हीच संदेष्ट्यांची मूळ जाणीव आहे. होशेयचा अकरावा अध्याय समोर ठेवला तर हेशेल यांचे वाचन संहितेशी अधिक इमानी वाटते.

सभास्थानाच्या वार्षिक वाचनक्रमात या तक्रारीला आजही ठरलेली जागा आहे. यरुशलेमचे हे मंदिर आणि पुढे त्याच जागी उभे राहिलेले दुसरे मंदिर या दोन्हींच्या नाशाचा उपास आव महिन्याच्या नवव्या दिवशी असतो. त्याआधीच्या तीन शब्बाथांना यिर्मया आणि यशया यांतील दोषारोपाचे उतारे वाचतात आणि नंतरच्या सात शब्बाथांना यशयातील सांत्वनाचे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात हाच उपास मोड आणून सोललेल्या वालांच्या बिरड्याने सोडला जाई, म्हणून त्या दिवसाला बिरड्याचा सण असे मराठी नाव पडले. उपासाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या विलापगीतांची शेवटची ओळ, देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे काय, या भीतीवर थांबते. म्हणून ती वाचून झाल्यावर तिच्या आधीची, देवाने आपल्याला परत वळवावे अशी विनंती करणारी ओळ पुन्हा म्हणण्याची रीत आहे, आणि यशया, मलाखी व उपदेशक या कठोर शेवट असलेल्या आणखी तीन ग्रंथांनाही हीच रीत लागू आहे.